फर्स्ट इयरची आत्या

प्लास्टरशी भांडून जिंकलेली बाई अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये एकच आहे आणि ती माझी आत्या आहे, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगते. ती शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिच्या मैत्रिणी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करू लागल्या. आत्यानं शिल्पकलेच्या वर्गात नाव घातलं. नुकतीच बारावी झालेली पोरं तिला आज्जी म्हणाली, तेव्हा तिनं ठणकावलं, "आज्जी घरी. इथं मी फर्स्ट इयर!"

तेव्हापासून भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीतलं तिचं घर पिठाच्या गिरणीसारखं दिसतं. प्लास्टर कालवलं की घट्ट व्हायच्या आत साच्यात ओतावं लागतं. पण तेवढ्यात फोन आला की हिचं बोलणं आवरत नाही आणि बादलीसकट ठोकळा तयार होतो. अशा कितीतरी बादल्या कामी आल्या. माणसांकडे बघायची रीतही बदलली. काशीमीऱ्याच्या सिग्नलला ती रिक्षावाल्याला म्हणाली, "भैया, जरा उधर देखो ना, आपकी नाक बहुत अच्छी है!" तो बिचारा पुढचा सगळा रस्ता आरशात स्वतःलाच बघत होता.

वर्षअखेरच्या प्रदर्शनासाठी तिनं उत्तनहून दारी मासे घेऊन येणाऱ्या मावशींचा चेहरा कोरायला घेतला. मावशी टोपली उतरवून जिन्यात बसायच्या आणि आत्या त्यांना न्याहाळायची. कोरताना एकदा उडालेलं परत येत नाही. आधी नाक गेलं. वर्गातले सर म्हणाले, "ओलं प्लास्टर लावून जोडा." "ठिगळ नको," म्हणत हिनं सगळा चेहराच आत कोरत लहान केला. मग हनुवटी गेली, मग गाल. कलिंगडाएवढं डोकं नारळाएवढं झालं आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी सरळ दुभंगलं. आत्या रडकुंडीला आली. "सोडते मी हे," म्हणाली. पण दुपारी बघते तर त्यातलाच एक तुकडा मांडीवर घेऊन बाई कानस चालवतेय.

प्रदर्शनात मोठमोठ्या मुखवट्यांच्या रांगेत आत्याचा एकच कान होता. तळहाताएवढा, जड सोन्यानं लोंबलेल्या पाळीचा. लोक तिथंच रेंगाळत होते. मावशी टोपली बाहेर ठेवून आत आल्या, थबकल्या आणि ओरडल्या, "अगो, यो तं माजा कान हाय!" मग स्वतःची पाळी चाचपत हळूच म्हणाल्या, "सोना पोरीला दिला. भोक र्‍हायला." मी शेजारच्या अनोळखी माणसाला उगाचच सांगितलं, "माझ्या आत्यानं केलाय तो."

आता ती सेकंड इयरला आहे. परवा हौसेनं मी तिच्यापुढे बसले. तिनं माझी हनुवटी इकडून तिकडे फिरवली आणि पटाशी खाली ठेवली.

"तुझ्या चेहऱ्यावर अजून काही झालेलंच नाही गं. जरा म्हातारी हो, मग ये."

येईन म्हटलं. तोवर थांबशील ना, हे विचारायचं मात्र माझ्याच्यानं झालं नाही.