शनिवारचं पीठ

शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला प्रेमला मकासरे कुणाच्या दारात उभी दिसली, की विश्रांतवाडीतल्या त्या गल्लीतल्या बायका ओळखायच्या, की उद्या महिन्याचा पहिला रविवार आहे आणि हिचं या घराशी काहीतरी बिनसलेलं आहे. नळावरून वाजलेलं असो नाहीतर वाळवणावरून, प्रेमला सरळ सांगायची, "त्या दिवशी मी जास्त बोलले. मनात ठेवू नका." समोरची बाई कितीही फुगलेली असली तरी करणार काय? ही चहा घेतल्याशिवाय हलायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये हिच्याच हातची पोळी खायची असायची.

पहिला रविवार हा प्रभुभोजनाचा: येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी पोळीचा तुकडा आणि द्राक्षरस घ्यायचा. मोठ्या चर्चमधून त्यासाठी छापाच्या पातळ चकत्या मागवतात. विश्रांतवाडीची मंडळी म्हणजे जेमतेम साठ घरं, पण त्यांचा ताठा असा की आमच्यात पोळी घरचीच लागते. पीठ, पाणी, चिमूटभर मीठ. खमीर नाही, तेल नाही. तीस वर्षं ती पोळी प्रेमलाच्या सासूबाईंनी, कौशल्याबाईंनी केली. गुडघे गेले तेव्हा त्यांनी परात सुनेच्या हातात दिली आणि बरोबर दोन नियमही दिले. पहिला असा, की ज्याच्याशी अबोला असेल त्याच्याशी बोलून आल्याशिवाय पिठाला हात लावायचा नाही. दुसरा असा, की पोळी करणारीनं प्रभुभोजनाच्या मेजासमोर सगळ्यांत शेवटी जायचं आणि ताटात उरलेली पोळी संपवायची, कारण प्रभूच्या मेजावरचं टाकून देता येत नाही.

दुसरा नियम सोपा होता. पहिल्या नियमापायी मात्र प्रेमलाला बारा वर्षांत इतका चहा प्यावा लागला, की तिला पित्ताचा त्रास जडला. पण तिनं नियम मोडला नाही. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? गल्लीत वर्षानुवर्षं कुणाचं भांडण महिन्यापेक्षा जास्त टिकलं नाही, त्याचं श्रेय दुसऱ्या कुणाला देणार?

मग रंगरावांची नोकरी गेली. रंगराव म्हणजे प्रेमलाचा नवरा. पिंपरीतल्या कारखान्यात बावीस वर्षं काढलेला माणूस. अठ्ठ्याण्णव साली कारखान्यानं जुन्या कामगारांना स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यातली स्वेच्छा कारखान्याची होती आणि निवृत्ती रंगरावांची. पंचेचाळिसाव्या वर्षी ते घरी बसले. गल्लीतले बिघडलेले मिक्सर आणि रेडिओ दुरुस्त करून झाले, तेव्हा न बिघडलेलेही त्यांनी उघडून पाहिले. बोलणं कमी कमी होत गेलं. चर्चला ते आईच्या समाधानासाठी यायचे, पण पुरुषांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसायचे आणि प्रभुभोजनाला उठायचे नाहीत. चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "देवाशी सध्या माझं बोलणं नाही."

घर चालवायचं म्हणून प्रेमला घराबाहेर पडली. ती नगरच्या मिशन बोर्डिंगात शिकलेली, इंग्रजी खणखणीत. चाळिशीला टेकलेली ही बाई बुधवार पेठेतल्या एका जिन्याखालच्या क्लासात कॉलेजच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून कॉम्प्युटर शिकली आणि चार महिन्यांत औंधच्या एका बंगल्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली. तेव्हा दोन हजार साल उजाडलं की जगातली सगळी कॉम्प्युटरं बावचळणार अशी हवा होती आणि त्यांना आधीच शहाणं करायचं काम पुण्यातल्या असल्या बंगल्यांमधून रविवारसुद्धा न पाळता चाललेलं होतं. इंजिनियर पोरांनी लिहिलेलं इंग्रजी सरळ करून परदेशी पाठवण्याजोगं करायचं, हे प्रेमलाचं काम. पोरं तिला मॅडम म्हणायची आणि घाबरायचीही.

तिथं अनिरुद्ध नावाचा मॅनेजर होता. बेचाळिशीचा, घटस्फोट झालेला, हळू बोलणारा. त्यानं पहिल्या महिन्यात तिच्या टेबलाशी थांबून सांगितलं, की तुमच्यामुळे आमचे कागद वाचण्यासारखे झाले. दुसऱ्या महिन्यात तो दुपारी विचारू लागला, "तुम्ही जेवलात का?" मिसेस मकासरेची प्रेमला कधी झाली, ते तिलाही कळलं नाही.

प्रेमलानं लहानपणापासून मोहावरची प्रवचनं ऐकली होती. मोह म्हणजे सोनं, सिनेमा, शेजारणीचा फ्रिज, असं तिचं साधारण मत होतं, आणि या तिन्हींच्या बाबतीत ती पहिल्यापासून निर्धास्त होती. मोह डबा खाल्ला का म्हणून विचारत येईल, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. घरी दीड वर्षात तिच्याकडे मान वर करून कुणी पाहिलं नव्हतं. इथं एक माणूस तिचं बोलणं संपेपर्यंत थांबायचा. ती त्याच्या प्रेमात पडली. याला दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. कागद देताना बोटाला बोट लागलं, तर दुपारभर तिला ते बोट वेगळं जाणवायचं. ती आरशासमोर जास्त उभी राहू लागली, आधीच्या बसनं निघू लागली, आणि प्रार्थनेला बसली की नेमकं त्याचंच तोंड डोळ्यांपुढे यायचं. तिनं देवाकडे हे घालव म्हणून मागितलं, आणि आजच नको घालवूस असंही मनातल्या मनात म्हटलं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारची पोळी तिनं तशाच मनानं केली. आज पोळी करपणार, फाटणार, निदान चामट तरी होणार, याची तिला खात्री होती. पोळी इतकी सुरेख झाली की पाळकसाहेबांच्या बायकोनं मुद्दाम कौतुक केलं. प्रेमलाला त्याचीच जास्त भीती वाटली. आपण आत काहीही लपवावं आणि वरून पोळी छान व्हावी, तर आता आपल्याला अडवणार कोण?

ऑक्टोबर लागता लागता अनिरुद्धची बंगलोरला बदली ठरली. तो म्हणाला, तिकडे तुझ्यासाठीही काम आहे. रविवारी सकाळी लोणावळ्याला जाऊ, निवांत बोलू, मग तू ठरव. बोलण्यापुरतं लोणावळ्याला कुणी जात नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती हो म्हणाली. तो रविवार महिन्याचा पहिला होता. घरी सांगायची थापही तयार होती: ऑफिसात काम आहे. पोळी शनिवारी संध्याकाळी पाळकसाहेबांकडे पोचवायची, दुसऱ्या दिवशी मॅडम कामावर; उरलेली पोळी एक वेळ सासूबाई संपवतील. कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

शनिवारी तिनं पीठ चाळलं, परात पुढे घेतली, तांब्या भरून ठेवला आणि बसून राहिली. या महिन्यात गल्लीत कुणाशी वाजलेलं नव्हतं, त्यामुळे कुठं जायचंही नव्हतं. पाच वाजले, साडेपाच झाले. कौशल्याबाई कॉटवर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाशी बोलायचं राहिलंय का गं?" त्यांनी विचारलं.

प्रेमला उठली. रंगराव गॅलरीत एक टेबलफॅन उघडून बसले होते. थाप अगदी जिभेवर होती. ती तिथं उभी राहिली आणि दीड वर्षात पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, की ज्याच्याशी सगळ्यांत मोठा अबोला होता, त्याच्या दारात ती एकाही शनिवारी गेली नव्हती. गल्लीभर चहा पीत हिंडली, आणि घरातल्या गॅलरीपर्यंत आली नाही. तिला स्वतःची लाज वाटली आणि रागही आला.

"अहो," ती म्हणाली, "ऑफिसातला एक माणूस मला आवडतो. उद्या मी त्याच्याबरोबर लोणावळ्याला जायचं कबूल केलंय. तुम्हाला खोटं सांगून जाणार होते."

रंगरावांच्या हातातला स्क्रू खाली पडला आणि घरंगळत गटारात गेला. ते बराच वेळ त्या गटाराकडेच पाहत राहिले. मग उठले, सायकल काढली आणि निघून गेले.

प्रेमलानं चप्पल घातली आणि कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या टेलिफोन बूथवर गेली. अनिरुद्धला तिनं सांगितलं, की उद्या मी येत नाही. त्यानं विचारलं, घरी कुणी काही म्हणालं का? तिच्या ठिकाणी दुसरी कुणी असती तर हो म्हणून मोकळी झाली असती. प्रेमला म्हणाली, "नाही. मला यावंसं वाटतंय. फार वाटतंय. म्हणूनच येत नाही." तो माणूस वाईट नव्हता. बरं म्हणाला आणि फोन ठेवला. बूथच्या काचेला डोकं टेकून ती थोडी रडली. मग घरी आली, हात धुतले आणि पीठ मळलं, कारण साठ घरांचा उद्याचा रविवार काही तिच्या लोणावळ्यासाठी थांबणार नव्हता. पोळी जरा कडक झाली.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये ती बायकांच्या बाजूला, भिंतीलगत बसली. रंगराव आदल्या दिवशी उशिरा परतले होते आणि एक अक्षर बोलले नव्हते, पण आले होते; नेहमीच्या शेवटच्या बाकावर. ओळीनं सगळे मेजासमोर गेले, गुडघे टेकले, पोळीचा तुकडा आणि द्राक्षरस घेऊन परतले. शेवटी ताटात दोन तुकडे उरले आणि पाळकसाहेबांनी प्रेमलाकडे पाहिलं.

ती उठली नाही. उठायचं नाही, हे तिनं आदल्या दिवशीच ठरवलं होतं. ज्या मनानं आपण कालपर्यंत जगलो, त्या मनानं त्या मेजासमोर जायचं नाही. पाळकसाहेब ताट धरून उभे राहिले. बाजाची पेटी वाजवणाऱ्यानं कडवं पुन्हा सुरू केलं, संपवलं, आणि तिसऱ्यांदा सुरू करावं की नाही या विचारात थांबला. बारा वर्षांत असं झालं नव्हतं. पुढच्या बाकावरून महिला मंडळाच्या अध्यक्षा नंदाबाईंनी पूर्ण मागं वळून पाहिलं, आणि एकीनं पाहिल्यावर सगळ्यांनीच पाहिलं. प्रेमलानं मान खाली घातली नाही. तेवढं तिनं स्वतःला करू दिलं नाही.

मागं बाक करकरला. रंगराव उठून मधल्या वाटेनं आले, आणि त्या चर्चमध्ये बायकांच्या ज्या बाजूला पुरुषानं कधी पाय ठेवला नव्हता, तिथं येऊन तिच्यापाशी उभे राहिले.

"चल," ते म्हणाले.

"माझी लायकी नाही आज."

"मी तरी कुठं लायकीचा लागून गेलोय?" रंगराव हळूच म्हणाले. "दीड वर्ष भिंतीसारखा वागलो. चल, आधीच कडक झालीय म्हणतात, आणखी वाळेल."

दोघं बरोबर गेली. गुडघे टेकताना रंगरावांनी कठड्याचा आधार घेतला, कारण सवय मोडली होती. दोन तुकडे उरले होते. एक त्यांनी खाल्ला, एक तिनं.

इथं ही गोष्ट संपवली असती, तर नंदाबाईंवर अन्याय झाला असता. बुधवारी महिला मंडळ भरलं तेव्हा त्यांनी मंडळाचा पोळीच्या पिठाचा डबा मध्ये टेबलावर ठेवला आणि कुणाचंही नाव न घेता सांगितलं, की प्रभुभोजनाची पोळी स्वच्छ मनाच्या बाईनं करावी, तेव्हा पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या कुणी जबाबदारी घ्यावी. पुण्यात नाव न घेता बोललं, की ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं.

प्रेमला उभी राहिली. गप्प बसली असती तर डबा जाऊन बोभाटा टळला असता. ती म्हणाली, "मला मोह झाला होता. साधासुधा नाही, मोठा झाला होता. परपुरुषाचा. मी गेले नाही, पण जावंसं वाटलं नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. आणि अजून सगळा गेलाय, असंही नाही. आता जिला कधी असं काही झालंच नसेल, तिनं डबा न्यावा. मी तिला कणीक कशी मळायची ते दाखवीन."

वीस-बावीस बायका होत्या. कुणी पदर नीट केला, कुणी पंख्याकडे पाहिलं. नंदाबाईंचा हात टेबलावर होता, डब्यापासून चार बोटांवर. तो तिथंच राहिला.

शेवटी कौशल्याबाई काठी टेकत उठल्या. बाहत्तर वर्षांची बाई, तरुणपणीच विधवा झालेली. तीस वर्षं पोळी केलेली, आणि जिच्याकडे कुणाला बोट दाखवता येणार नाही अशी. नंदाबाईंच्या तोंडावर सुटल्याचा भाव आला, की चला, डबा योग्य हातात गेला. कौशल्याबाईंनी डबा उचलला, सावकाश चालत आल्या आणि सुनेच्या हातात दिला.

"धर," त्या म्हणाल्या. "मलासुद्धा नेता यायचा नाही."