नव्या रायफलची पूजा

आमच्या घरात नवीन वस्तू आली की तिला हळदकुंकू लागायचंच. साउथहॅम्प्टनला येऊन इतकी वर्षं झाली तरी मी ते सोडलं नव्हतं. गाडी, शिलाई मशीन, अगदी व्हॅक्यूम क्लीनरसुद्धा सुटला नाही. ऐंशीच्या दशकात यांनी रायफल आणली, तेव्हा तिच्यावरही मी कुंकवाचं बोट टेकवलं आणि चार अक्षता टाकल्या. हे आंघोळीला गेले होते. पूजा करताना माणूस यश मागतो. मी तिला म्हणाले, बाई, यांच्या वाटेला जाऊ नकोस.

हे हॉस्पिटलात सर्जन. कन्सल्टंटची जागा पुन्हा एकदा हुकली आणि मिळाली कुणाला, तर यांनीच हाताखाली शिकवलेल्या पोराला. हे संतापले असते, आदळआपट केली असती, तर मला बरं वाटलं असतं. त्याऐवजी हे गोड वागू लागले. बॉयलरचा पायलट लाइट कसा पेटवायचा, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, फ्यूज कसा बदलायचा, सगळं मला शेजारी उभं करून शिकवलं. एरवी मला स्क्रूड्रायव्हरला हात लावू न देणारा माणूस! मग हे नेमबाजीच्या क्लबाचे सभासद झाले, यथावकाश पोलिसांचा परवाना काढला. घरात कोळी निघाला तर ग्लासात धरून बागेत सोडणाऱ्याला बंदुकीचा छंद लागला म्हणे! मैत्रिणी म्हणाल्या, बरं झालं, मन रमेल. मला वेगळीच शंका होती. पण बोललं तर खरं होईल असं वाटायचं, म्हणून तोंड शिवून बसले.

हे रायफल तपासायला निघाले त्या सकाळी मी हट्टाने बरोबर गेले. रेंज म्हणजे शेताच्या कडेची पत्र्याची शेड आणि समोर मातीचा उंच बांध. तिथल्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याने मला कौतुकाने समजावलं, की ही सेमी-ऑटोमॅटिक आहे, चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप आत येते. हे पालथे पडले, नेम धरला. दोन-तीन गोळ्या सुटल्या आणि रायफल अडकली.

अधिकाऱ्याने सगळ्यांना थांबवलं. गोळ्यांचं मॅगझिन काढलं, आत टॉर्च मारला आणि चिमट्याने तांदळाचा एक लालसर दाणा बाहेर काढला.

"डॉक्टर, इज धिस राइस?"

यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "तू हिची पूजा केलीस?"

"नवीन वस्तू आहे ना, अहो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजूबाजूचे गोरे हसले. हेही हसले. किती महिन्यांनी हसले असतील, देव जाणे. क्षणभर मला वाटलं, आपण उगाच घाबरलो.

रायफल साफ झाली. हे पुन्हा पालथे पडले आणि आता ती बिनबोभाट चालली. अधिकारी खूश झाला. "लव्हली! नेक्स्ट संडे, डॉक्टर?"

"नो नीड," रायफल कव्हरमध्ये सरकवत हे म्हणाले. "इट वर्क्स."

मी तोंड उघडलं आणि ते हॉस्पिटलात पोचलं तर आहे ती नोकरीही जाईल, हे मला कळत होतं. तरी मी पुढे होऊन अधिकाऱ्याची बाही धरली. "प्लीज, डोन्ट लेट हिम टेक इट होम."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं. एक शब्दही न विचारता त्याने यांच्या हातून रायफल घेतली आणि तिथल्या लोखंडी कपाटात कुलपाआड ठेवली. यांनी ती घेऊ दिली.

गाडीपर्यंत जाताना मी देवाकडे एकच मागत होते, की माझं चुकलेलं असू दे. यांनी मला मूर्ख म्हणू दे, चारचौघांत अब्रू घालवलीस म्हणून ओरडू दे. जन्मभर ऐकून घेतलं असतं मी. हे गाडीत बसले, किल्ली लावली, पण फिरवली नाही.

मग हळूच विचारलं, "तुला कधी कळलं?"