अण्णांच्या खिशातली प्लगची कॅप

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा अजिबात विश्वास नव्हता. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कुणाचं काही दुखलं की आधी स्नायू, मग शीर बघणारी बाई. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी चहा ठेवायला उठायचे. तरी आज लिहितेय... कारण हे मनात ठेवून ठेवून थकले.

आम्ही गडमुडशिंगी गावचे. वडील, म्हणजे अण्णा, गेल्या वर्षी गेले. त्यांची जुनी मोटरसायकल आता मी चालवते, घरापासून शहरात राजारामपुरीतल्या क्लिनिकपर्यंत. अण्णांना ती चोरीला जायची फार धास्ती. लॉकवर त्यांचा भरवसा नव्हता. गाडी लावली की वाकून इंजिनच्या प्लगवरची रबरी कॅप ओढून काढायचे आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. कॅपशिवाय गाडी चालूच होत नाही. खिशाला काळे डाग पडायचे, आई कुरकुरायची, अण्णा हसायचे. मी मात्र हे कधीच केलं नाही. हँडल लॉक केलं की झालं.

त्या दिवशी दुपारी क्लिनिकमधून खाली आले, तर हँडलचं लॉक तोडलेलं, वायरी ओढून काढलेल्या. गाडी मात्र जागेवर. समोरचे झेरॉक्सवाले काका म्हणाले, दोघं जण बराच वेळ किका मारत होते. काकांना वाटलं आमच्याच घरचे कुणीतरी. शेवटी ते दोघं कंटाळले आणि शेजारची नवी गाडी घेऊन गेले.

ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं वाकून बघितलं. "ताई, प्लगची कॅप काढून ठेवलासा व्हय? बरं केलासा."

मी काढली नव्हती. चोर कशाला काढतील, त्यांना तर गाडी न्यायची होती... आणि कॅप नसती तर सकाळी मी गावातून आलेच कशी असते? त्यानं दुसरी कॅप बसवली, वायरी जोडल्या. पहिल्या किकला गाडी चालू.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती उठली. आत गेली आणि अण्णांचा पांढरा शर्ट घेऊन आली. सकाळी मी गेल्यावर तिनं तो इस्त्री करून खुंटीला अडकवला होता. आता खिशाला काळा डाग होता. आत कॅप. मागच्याच आठवड्यात मेकॅनिकनं माझ्यासमोर तिच्या चिरेवर लाल टेप गुंडाळली होती — तीच.

तू ठेवलीस का, असं मी विचारलं. त्या गाडीतलं मला काय कळतंय, म्हणाली. मग शर्टावरून हात फिरवत हळूच बोलली, "लेकीची गाडी हाय म्हटल्यावर त्यास्नी गप बसवंल व्हय?"

अण्णा गेल्यापासून मी मोठ्यानं रडले नव्हते. तेव्हा रडले.

मेकॅनिकला विचारलं, क्लिनिकमधल्या डॉक्टरांना विचारलं. आईनं मात्र कुणालाच काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी निघाले, तर ती पदर खोचून दारात उभी. अण्णांच्या माघारी ती या गाडीवर बसलीच नव्हती. म्हणाली, जैन बस्तीपर्यंत सोड, देवाचं दर्शन घेऊन येते. मागं बसली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. वाटेत काहीतरी बोलायला लागली. मला वाटलं माझ्याशीच बोलतेय, म्हणून नीट ऐकू यावं यासाठी गाडी हळू केली.

माझ्याशी नव्हती बोलत.

मग बस्ती येईपर्यंत मी वेग वाढवला नाही.