‘रिकामा’ आर्ट्सवाला आणि एसटीने येणारे डबे

मित्रांनो, डोकं अजून तापलेलंच आहे.

दुपारी अमळनेरला एका लग्नात सुधाकर भेटला. नव्वदच्या आसपास जळगावला आम्ही एकाच खोलीत राहायचो. तो सायन्सला, मी आर्ट्सला.

पंगतीत त्याची पुतणी म्हणाली, "काका, मला बी.ए. करायचंय. इतिहास घेऊन."

सुधाकर माझ्याकडे बोट दाखवून खदाखदा हसला. "याले विचार! आम्हले दिनभर प्रॅक्टिकल, आनि हाऊ बठ्ठा दिन रिकामा!"

‘बठ्ठा दिन’ म्हणजे अख्खा दिवस. अक्षरशः शिसारी आली.

माझे तास सकाळीच संपायचे, खरंय. पण आमची जाडजूड पुस्तकं घरी न्यायला मिळायची नाहीत, वाचनालयातच बसून वाचावी लागायची. आणि खोलीतल्या सगळ्यांचे गावाकडून एसटीने येणारे डबे स्टँडवरून आणायला रोज कोण जायचं? मीच. का, तर माझ्या टाइमटेबलात दुपारचे रकाने कोरे! बस उशिरा यायची, आणि मी परतेपर्यंत वाचनालयातली जागा गेलेली असायची.

मी म्हणालो, "सुधाकर, प्रॅक्टिकलहून आलास की तुझ्या आईची कळण्याची भाकरी खोलीत तयार असायची. ती काय चालत यायची?"

"अरे, तू ते रिकामाच व्हता ना!" म्हणत त्याने आणखी भरीत वाढून घेतलं.

किळस आली त्या हसण्याची. पोरगी ताटाकडे बघत पुटपुटली, "बरं, कॉमर्स घेते मग."

तुमच्या खोलीतले डबे कोण आणायचं, आठवतंय का? आज त्याची ओळख काय म्हणून करून देता?