मावशी बाकावर का बसत नव्हत्या

बाक मी मावशींसाठी केला, हे आधीच सांगतो. कार्ल्याच्या आमच्या घरामागच्या बागेत त्या खुरपणीला येतात. चहाला जमिनीवर बसायच्या आणि उठताना गुडघा धरून असा सुस्कारा सोडायच्या की मला माझाच चहा गोड लागेना. निवृत्त माणसाला निमित्तच हवं असतं. कामशेतला जुन्या लाकडाची वखार आहे. पाडलेल्या घरांची दारं, वासे, तुळया तिथे येऊन पडतात. तिथून तीन फळ्या आणल्या. दोन साध्या. तिसरी म्हणजे ऐनाच्या लाकडाचा जाडजूड तुकडा, मधे छान झिजलेला, जणू बसायलाच केलेला, आणि दोन्ही टोकांना एकेक गोल खळगी. त्या खळगीत चहाचा पेला नीट बसतो हे कळल्यावर मी बायकोला हाक मारून दाखवलं. "हौसेला मोल नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

मावशी आल्या, बाक बघितला, लाकडावरून हात फिरवला आणि शेजारी जमिनीवर बसल्या. दुसऱ्या दिवशीही तेच.

मला राहवेना. ऊन लागत असेल म्हणून बाक आंब्याखाली नेला. उंच होत असेल म्हणून पाय कापले. मुंग्यांची शंका आली म्हणून फळ्यांना तेल पाजलं. पुण्याचे पाहुणे त्यावर बसून फोटो काढून गेले, मावशी मात्र जमिनीवरच. मग माझ्या डोक्यात आलं, मालकाशेजारी बसायचा संकोच असणार. झालं, मी त्यांना समतेवर लांबलचक ऐकवलं. माणूस माणूस सारखा वगैरे. त्या चहा फुंकत राहिल्या. पालथ्या घड्यावर पाणी, असं वाटलं आणि खरं सांगतो, रागही आला.

"माझ्या शेजारी बसायला तुम्हाला अडचण काय आहे, मावशी?"

"तुमच्याशेजारी कसली अडचन? पन उंबऱ्यावर कुनी बसतं का, भाऊ?"

मी खाली बघितलं. त्या खळग्यांत दाराच्या खुंट्या फिरत असणार. मधला भाग पावलांनी झिजलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लहानपणी आईने मला कितीदा उंबऱ्यावरून उठवलं होतं! पण फ्लॅटमध्ये राहून राहून उंबरा दिसतो कसा, हेच विसरलो होतो.

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी लय हौसेनं केलता."

आता मला दुसरंच कुतूहल लागलं. घर कुणाचं असेल? वखारवाल्याला फोन केला, तर शिरगावकडून माल आला होता एवढंच त्याला आठवत होतं. मावशींनी एका खाचेत नख घालून खरवडलं. पिवळं निघालं.

"हळद हाय," त्या म्हणाल्या. "कुनीतरी रोज पुजत व्हती. आता कुटं ऱ्हात असंल बाई?"

मी पेला खळगीतून उचलला. मला लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी उंबरा सोडवला. बाकाला साधी फळी ठोकली आणि उंबरा बागेच्या तोंडाशी, कुंपणाला नुसतीच मोकळी जागा होती तिथे, दोन दगडांमध्ये बसवला. मावशी आल्या त्या त्याच्यापुढे थांबल्या. वाकल्या, दोन बोटं लाकडाला लावून कपाळाला लावली आणि ओलांडून आत आल्या. सरळ बाकाकडे गेल्या, आंब्याला पाठ टेकून बसल्या आणि पाय लांब केले. मी चहा आणायला गेलो तो जवळजवळ पळतच.

पुढच्या आठवड्यात सकाळभर वाफे खणून माझी पाठ दुखायला लागली. बुटांना हा एवढा चिखल. बूट काढावेत म्हणून मी सहज तिथेच उंबऱ्यावर टेकलो.

"उठा, भाऊ," मावशी बाकावरून म्हणाल्या आणि बाजूला सरकल्या. "हितं या. जागा हाय."