लातूरचा कायदा

माझे मिस्टर बोअरच्या गाडीवर ऑपरेटर. त्यांना झांबियात दोन वर्षांचं काम लागलं आणि मीही लातूर सोडून सोबत निघाले, तेव्हा माहेराहून, लोह्याहून आईचा फोन आला.

"तिकडं पानी तरी हाय का ग?"

"आई, पाणी नाही म्हणूनच तर ह्यांना बोलावलंय."

ती म्हणाली, "मग लातूरात काय वाईट होतं?"

लुसाका शहरात आम्हाला घर मिळालं ते एका कंपाउंडमध्ये. आठ घरं, मधोमध एक बोअर, बोअरवर विजेची मोटर. बोअरला पाणी होतं. पण त्या देशाची वीज धरणाच्या पाण्यावर चालते, आणि पाऊस न झाल्यानं धरण तळाला गेलेलं. म्हणजे वर पाणी नाही म्हणून वीज नाही, आणि वीज नाही म्हणून खालचं पाणी वर येत नाही. मिस्टर दिवसभर गावोगाव भोकं पाडत फिरायचे आणि घरी येऊन कोरड्या नळाकडं बघत बसायचे.

वीज केव्हा यायची ते कुणालाच ठाऊक नसायचं. समोरच्या घरातले शाळामास्तर केस कापायला बसले आणि मशीन अर्ध्यात बंद पडलं. दोन दिवस ते अर्ध्या डोक्यानं शाळेत गेले. पोरं हसली नाहीत, कारण त्यांच्याही घरी तसंच काहीतरी अर्धवट पडलेलं होतं. मक्याचं पीठ दर आठवड्याला महाग व्हायचं. शेजारच्या शिलाईवाल्या बाईंनी विजेच्या मशीनवर चादर टाकून ठेवली होती आणि हातानं टाके घालायच्या. जेवणातला मक्याचा गोळा दाखवून त्या म्हणायच्या, "आधी हा माझ्या मुठीत मावत नव्हता. आता बघा."

आठ घरच्या आठ बाया सकाळपासून बोअरजवळ पिवळे कॅन घेऊन उभ्या. उन्हात नुसत्या उभ्या. मला राहवलं नाही. मी शिलाईवाल्या बाईंना म्हणाले, "आमच्याकडं लातूरला टँकर यायचा तेव्हा आम्ही रांगेत दगड ठेवायचो. दगड उभा राहतो, माणूस घरी जातो."

त्यांनी ते सगळ्यांना समजावून सांगितलं. बाया माझ्याकडं अशा बघू लागल्या, जणू मी विजेचाच शोध लावला होता. संध्याकाळपर्यंत आठ दगड रांगेत होते, प्रत्येकावर रंगानं घरनंबर.

कंपाउंडमध्ये रेल्वेतून रिटायर झालेले एक गार्डसाहेब होते. त्यांच्याकडं शिट्टी अजून होती. रांगेचा ताबा त्यांनी आपणहून घेतला. दगड वाकडा झाला की शिट्टी. कोंबडी दगडावर बसली की शिट्टी. सकाळी ते हजेरी घ्यायचे, "नंबर चार?" आणि चार नंबरची बाई दारातून ओरडायची, "आहे!"

पंधरा दिवस उत्तम चाललं. मग पाच नंबरचा दगड हरवला.

गार्डसाहेबांनी आंब्याच्या झाडाखाली सभा बोलावली. पाच नंबरची बाई रडकुंडीला आलेली. दगड नाही तर नंबर नाही, आणि तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू. गार्डसाहेब माझ्याकडं वळले. "मॅडम, अशा वेळी लातूरचा कायदा काय सांगतो?"

लातूरला दगड हरवला की भांडण होतं, दुसरं काय होणार? पण सगळे वाट बघत होते, आणि मला त्या बाईची दया आली. मी म्हणाले, "ज्याचा दगड हरवला, त्याला दुसऱ्या दिवशी पहिला नंबर."

सगळ्यांना हे फार न्यायाचं वाटलं. मास्तरांनी वहीत लिहूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोअरजवळ एकही दगड नव्हता. माझाही नव्हता. तो मी पहाटेच पलंगाखाली सरकवला होता, खोटं कशाला सांगू?

पुन्हा सभा. आठही घरांचे दगड हरवलेले, आठही घरांचा पहिला नंबर. गार्डसाहेब घामाघूम झाले. "मॅडम, कायदा?"

मी घाबरून आईला फोन लावला. सगळ्यांसमोर, स्पीकरवर. भाषा कुणाला कळत नव्हती, पण सगळे कान देऊन ऐकत होते.

"आधी सांग, पानी आलंय का?" आईनं विचारलं.

"न्हाई."

"मग भांडायलाव कशाला? आल्यावर भांडा."

"काय म्हणाल्या?" मास्तरांनी पेन सरसावलं.

मी तोंड उघडणार एवढ्यात मोटर घुर्र करून सुरू झाली. वीज आली होती! नळातून पाणी धो धो पडू लागलं आणि आम्ही सगळे झाडाखाली खिळल्यासारखे उभे. पुढं व्हायचं कुणी? पहिला तर प्रत्येकजण होता. पाणी लाल मातीत वाहत चाललं. गार्डसाहेबांनी खिशातून शिट्टी काढली, तीन वेळा फुंकली आणि ओरडले, "कायदा स्थगित!"

मग जी झुंबड उडाली, ती अगदी लातूरची होती. कॅनवर कॅन आदळले, मास्तर घसरून पडले. शिलाईवाल्या बाईंनी पाच नंबरच्या सासूसाठी मात्र एक कॅन मध्येच घुसवून भरला, तेव्हा कुणी काही बोललं नाही. थोड्याच वेळात वीज गेली. मला अर्धा कॅन मिळाला. आम्ही सगळे चिखलात भिजून उभे होतो आणि कुणालातरी हसू फुटलं. मग कुणालाच आवरेना.

आता आम्ही परत लातूरला आहोत. नळाला आठवडा-आठवडा पाणी येत नाही. शिलाईवाल्या बाईंचे निरोप अजून येतात. लातूरचा कायदा म्हणे बाजूच्या दोन कंपाउंडांनीही घेतलाय. परवाच त्यांनी विचारलं, पाहुणे आले तर त्यांचा दगड वेगळा ठेवायचा का? मी दुपारभर विचार करून सविस्तर उत्तर पाठवलं. इथं आमच्या गल्लीत मला कुणी काही विचारत नाही. काल टँकरच्या रांगेत मी एक सूचना केली, तर मागून आवाज आला, "ओ काकू, सरका की पुढं!"