भरल्या गाडीचं माप

शहापुरात आग्रा रोडला लागून यमाजी लोहाराची भट्टी होती. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवावी ती यमाजीनंच, असं धसईपासून शेणव्यापर्यंतचे शेतकरी म्हणत. धाव म्हणजे चाकाभोवतीचा लोखंडी पट्टा. तो तापवून चढवायचा आणि पाणी मारून आवळायचा. पण त्याआधी यमाजी गाडी भाताच्या पोत्यांनी भरून आणायला लावी. रिकाम्या गाडीला तो हातच लावत नसे. भार पडल्यावर आस किती वाकतो, चाक कुठं झुकतं, हे बघितल्याशिवाय माप घ्यायचं नाही, हा त्याच्या बापाचा शिरस्ता. लोक कुरकुरत आणि पोती भरून आणत.

त्रेसष्ट साल उजाडेपर्यंत रबरी टायरच्या बैलगाड्या आल्या आणि धावेचं काम आटलं. मग त्याच्या बायकोनं, हिराबाईनं, मन घट्ट केलं. तिचा धाकटा भाऊ मंगळू वाशिंदला कारखान्यात होता. त्यानं दाजींसाठी रखवालदाराची जागा बघितली आणि खाकी सदराही आणून दिला. सोमवारी हजर व्हायचं होतं. तांब्यात निखारे घालून हिराबाईनं सदऱ्याला इस्त्री केली आणि तो खुंटीला लावला. यमाजी त्या खुंटीकडे पाठ करून जेवे. तिला वाईट वाटे, पण थंड भट्टीकडे बघून पोट भरत नव्हतं.

आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, ती मोटार आली. लालभडक, दोनच दारांची आणि इतकी बुटकी, की चाकं रुतली की काय असं हिराबाईला वाटलं. मोटार मुंबईच्या केकीशेठची. पुढच्या आठवड्यात घाट चढायच्या शर्यतीत उतरायचं म्हणून त्यानं मूळची चाकं काढून रुंद, चकचकीत चाकं बसवली होती आणि त्यांवर जाडजूड टायर. मुंबईच्या मिस्त्रीनं सगळं मापून दिलं होतं. पण शेजारी सोबती बसला आणि घाटाचं वळण आलं, की मागचा टायर मडगार्डला घासे आणि जळक्या रबराचा वास सुटे. सोबती घाबरून कसाऱ्याला उतरला तो आगगाडीनंच घरी गेला. पेट्रोलपंपावर कुणीतरी शेठला यमाजीचं नाव सांगितलं.

यमाजीनं मोटारीला जन्मात हात लावला नव्हता. तो तिच्याभोवती दोनदा फिरला, देवळाला फिरावं तसा. आता चारचौघांत फजिती होणार, असं दारात उभ्या हिराबाईला वाटलं. यमाजी वाकला आणि टायर-मडगार्डच्या मधे त्यानं बोटं घातली. दोन बोटं शिरली.

"मिस्त्रीनं मापलं तवा आत कोन बसलं व्हतं?" त्यानं विचारलं.

कुणीच नव्हतं, शेठ म्हणाला. यमाजी हसला. कित्येक महिन्यांत तो हसला नव्हता, हे हिराबाईच्या ध्यानात आलं.

सोबती अंगानं भरलेला होता, तेव्हा तेवढं वजन आत हवं. शेठनं तांदळाचं पोतं सुचवलं. यमाजीला ते पटेना. पोतं मुकाट बसून राहतं, माणूस वळणाला कलतो, आणि त्याला कलणारा भार हवा होता. आळीतले बाप्ये सगळे चिपाडासारखे. फिरत फिरत त्याची नजर बायकोवर आली.

"तू बस गो," तो म्हणाला.

हिराबाईनं आधी डोळे वटारले, मग पदर आवळला आणि बसली. त्याआधी मडगार्डला आतून गेरू तिनंच फासला होता, भिंतीला फासतात तसा बोटांनी. शेठनं ओढ्याच्या वळणावरून गाडी फिरवून आणली, तर टायर घासला तिथला गेरू पुसून पत्रा लख्ख दिसत होता.

शेठकडे टायरची आणखी एक जोडी होती, उंचीला तेवढीच, पण बोटभर अरुंद. ती त्याच्या नजरेला भरत नव्हती. जाड टायरच राहू देत, गाडीचा भार झेलणारे चाकांवरचे कमानपाटे वाढवून गाडी वर उचल, असं त्याचं म्हणणं. यमाजीनं मान हलवली. फार पाटे घातले तर गाडी ताठ होईल, खड्ड्यावर उडेल, आणि उडालेलं चाक रस्ता कसा धरणार? टायर अरुंदच घ्यायचे, आणि पाटा दोन्ही बाजूंना एकेकच घालायचा, तोही आखूड. शेठनं जाड टायरांवरून एकदा हात फिरवला आणि हो म्हणाला.

पंक्चरवाल्या देवरामनं टायर बदलले. यमाजीनं जुन्या जीपचा एक पाटा तोडून त्याचे दोन्ही बाजूंसाठी दोन आखूड पाटे केले. हिराबाई भाता ओढत होती. लोखंड पळसफुलाच्या रंगाला आलं तसं त्यानं ठोकून बाक दिला, तेलात बुडवलं, पुन्हा शेकलं. हे तिनं वीस वर्षं पाहिलं होतं. आज मात्र तिची नजर हटेना.

दुपारी गाडी कसाऱ्याच्या घाटात निघाली, हिराबाई पुन्हा शेठच्या शेजारी. मागच्या चिमुकल्या जागेत यमाजी अंगाची घडी करून बसला, पत्र्याला कान लावून, डोळे मिटून. पहिल्याच वळणाला हिराबाईनं दाराची कड घट्ट धरली. तिनं मागं वळून पाहिलं आणि भ्यायचं विसरली. त्याचा चेहरा इतका शांत होता, की ती थक्क झाली. या माणसाला आपण कारखान्याच्या फाटकाशी उभं करायला निघालो होतो, या विचारानं तिला लाज वाटली.

"डावा गप हाय," तो म्हणाला. पुढच्या वळणाला म्हणाला, "उजवाबी गप."

घाट चढणारे ट्रक मागं पडत होते. त्यातले काही एका अंगाला कललेले तिला दिसले. असे लंगडत का चाललेत, तिनं विचारलं. पाटे बसलेत त्यांचे, तो डोळे न उघडता म्हणाला, आणि नाशिक येईपर्यंत ते दुरुस्त करणारं वाटेत कुणी नाही. हिराबाईनं बोटांवर मोजायला सुरुवात केली.

परत आल्यावर तिनं स्वतः वाकून मडगार्डच्या आत बघितलं. गेरूवर तिच्या बोटांचे ओरखडे होते तसेच होते. शेठनं यमाजीचा काळाकुट्ट हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सोमवारी सकाळी मंगळू दाजींना न्यायला आला. हिराबाईनं त्याला चहा दिला आणि खाकी सदरा घडी करून त्याच्या मांडीवर ठेवला. झालं काय, तो विचारत राहिला.

"घाटात अकरा ट्रक लंगडताना मोजलं मी," ती म्हणाली. "ते तुजं दाजी उभं करतील. कारखान्याचं दार कोनबी राखंल रे."

आणि ती भाता ओढायला गेली.